अमेरिकेत फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायचंय? कमर्शियलपासून विद्यार्थ्याच्या लॉगबुकातल्या पहिल्या सहीपर्यंत

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. रविवारी रात्री जेवणं आटोपली की ती आठवड्याच्या पाठांचं टाचण काढायला बसायची. तोच धडा वर्षानुवर्षं शिकवत असूनही टाचण दर वर्षी नवं. "मुलं नवी असतात ना," एवढंच ती म्हणायची. पुढे ॲरिझोनात मी फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या तयारीला लागलो, तेव्हा मला शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरने विमानाकडे नेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "तुझे लेसन प्लॅन कुठे आहेत?" तीनशेच्या वर तास उडवून झाले होते, हातात कमर्शियल, म्हणजे पैसे घेऊन उडवण्याचं सर्टिफिकेट होतं, आणि टाचण मात्र एकही नव्हतं.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा शिकायला आलेल्या आणि पायलट होऊन पुढे शिकवू इच्छिणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहितो आहे. नियम एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे आहेत. इन्स्ट्रक्टरचे नियम 'पार्ट ६१'च्या, म्हणजे पायलट आणि इन्स्ट्रक्टरांच्या सर्टिफिकेटांच्या नियमावलीच्या, सबपार्ट एचमध्ये, कलम ६१.१८१ पासून पुढे मिळतात. मूळ इंग्रजी मजकूर एकदा स्वतः वाचाच. चेकराइडला, म्हणजे तोंडी आणि उड्डाणाच्या परीक्षेला, तोच उघडून दाखवावा लागतो.

इतके जण या वाटेने का जातात, तेही सांगतो. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोल्गन एअरचं ३४०७ हे विमान कोसळलं. त्यानंतर अमेरिकन संसदेने २०१० मध्ये कायदा केला आणि २०१३ पासून प्रवासी एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं सगळ्यात वरचं सर्टिफिकेट लागू लागलं. त्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तास लागतात. ठरावीक विद्यापीठांतून किंवा सैन्यातून आलेल्यांना थोडे कमी. कमर्शियल मिळतं साधारण अडीचशे तासांवर. मधले तास स्वतःच्या खिशातून उडवणं बहुतेकांना परवडत नाही, म्हणून लोक शिकवतात. त्यात गैर काही नाही. पण समोर बसलेल्या विद्यार्थ्याला तुमच्या तासांशी देणंघेणं नसतं, त्याने त्याच्या तासाचे पैसे मोजलेले असतात. मीटरकडे डोळा ठेवून शिकवणारे इन्स्ट्रक्टर मी पाहिले आहेत आणि त्यांचे विद्यार्थी पुढे दुसऱ्याकडे तेच धडे पुन्हा शिकताना पाहिले आहेत.

आधी पाया तपासा

वय १८ पूर्ण हवं. इंग्रजी वाचता, बोलता, लिहिता आणि समजता यायला हवं. कमर्शियल किंवा एटीपी सर्टिफिकेट हवं, आणि तेही ज्या प्रकारात शिकवायचं त्याच कॅटेगरी (विमान, ग्लायडर वगैरे) आणि क्लासचं (एक इंजिन, अनेक इंजिनं). एका इंजिनाच्या विमानावर शिकवायचं असेल तर कमर्शियलवर 'सिंगल इंजिन लँड' हवं. विमानासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंगही, म्हणजे बाहेर न बघता यंत्रांवरून उडवण्याची परवानगीही, बंधनकारक आहे. ज्या क्लासमध्ये शिकवायचं त्यात किमान १५ तास पायलट-इन-कमांड, म्हणजे उड्डाणाची जबाबदारी असलेला पायलट, म्हणून नोंदलेले हवेत. सिंगल इंजिनवाल्यांना ही अट जाणवतही नाही. मल्टी इंजिनला मात्र ती खिशाला चांगलीच लागते, त्याबद्दल पुढे.

कमर्शियल अजून झालं नसेल तर त्याचा हिशेब असा: पार्ट ६१ खाली २५० तास, मान्यताप्राप्त पार्ट १४१ शाळेच्या अभ्यासक्रमातून १९०. त्यात दहा तास कॉम्प्लेक्स (चाकं आत जाणारं वगैरे), टर्बाइन किंवा टीएए, म्हणजे आधुनिक काचेच्या पडद्यांच्या विमानावर लागतात. जुन्या लेखांत 'इन्स्ट्रक्टरच्या चेकराइडला चाकं आत जाणारं विमान आणावंच लागतं' असं वाचायला मिळेल. ती अट २०१८ मध्ये गेली. आज साध्या सेसना १७२ वर ही परीक्षा देता येते.

मेडिकलबद्दल, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दल, लोक उगाच घाबरतात. इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवताना तुम्ही पायलट-इन-कमांड असाल तर थर्ड क्लास मेडिकल पुरतं, बेसिकमेडही, म्हणजे साध्या डॉक्टरकडून तपासणी करून घेण्याची सोपी सोयही, चालते. पैसे घेऊन शिकवता म्हणून सेकंड क्लास लागतं, हा समज चुकीचा आहे. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

कमर्शियलपर्यंत जायची इच्छा नसेल, हलक्या स्पोर्ट विमानांवरच शिकवायचं असेल, तर स्पोर्ट पायलट इन्स्ट्रक्टर हा वेगळा, लहान रस्ता आहे. त्याला विमानासाठी १५० तासांचा अनुभव लागतो. या लेखात मी त्याच्यात शिरत नाही.

दोन लेखी परीक्षा

एफएएच्या आयएक्रा या अर्जांच्या संकेतस्थळावर तुमचा एफटीएन हा ओळख क्रमांक आधीपासून असेलच. तोच वापरून पीएसआय या कंपनीच्या परीक्षा केंद्रात वेळ घ्यायची. पहिली परीक्षा 'फंडामेंटल्स ऑफ इन्स्ट्रक्टिंग', बोलीभाषेत एफओआय: ५० प्रश्न, दीड तास. दुसरी 'फ्लाइट इन्स्ट्रक्टर एअरप्लेन', एफआयए: १०० प्रश्न, अडीच तास. दोन्हींत पास व्हायला ७० टक्के हवेत. निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो, त्या आत चेकराइड व्हायला हवी.

अमेरिकेतल्या राज्याचं, काउंटीचं किंवा शहराचं सातवी आणि वरच्या वर्गांना शिकवण्याचं सर्टिफिकेट तुमच्याकडे असेल, किंवा तुम्ही मान्यताप्राप्त कॉलेजात शिकवत असाल, तर एफओआयच्या लेखी परीक्षेतून सूट मिळते. ह्यूस्टन, न्यू जर्सीकडे शाळांमधून शिकवणाऱ्या मराठी बायका कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणी उडत असेल तर ही सूट लक्षात ठेवा. मात्र लेखी टळली तरी तोंडी टळत नाही.

आणखी एक गोष्ट सुचवतो. याच सुमारास 'ॲडव्हान्स्ड ग्राउंड इन्स्ट्रक्टर'ची लेखी परीक्षाही देऊन टाका. तिचा अभ्यास आणि एफआयएचा अभ्यास बऱ्याच अंशी एकच आहे. एफओआय आणि ही परीक्षा पास झालात की प्रात्यक्षिक न देता ग्राउंड इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट मिळतं. एफएएच्या स्थानिक कार्यालयात, म्हणजे एफएसडीओत, कागद घेऊन जायचं एवढंच. वर्गात शिकवायची सवय तिथपासून लागते.

एफओआयकडे लोक 'पाठ करायची आणि विसरायची परीक्षा' म्हणून बघतात. माझं मत उलट आहे. सबंध प्रवासात सर्वात उपयोगी पडलेला भाग हाच. एफएएच्या 'एव्हिएशन इन्स्ट्रक्टर्स हँडबुक'मध्ये शिकण्याच्या चार पातळ्या दिल्या आहेत: रोट, अंडरस्टँडिंग, ॲप्लिकेशन, कोरिलेशन. आपल्या भाषेत घोकंपट्टी, उमज, वापर आणि सांधा जुळणं. स्टॉलचं, म्हणजे पंखाची उचल एकाएकी कमी होण्याचं, उदाहरण घ्या. विद्यार्थी 'क्रिटिकल अँगल ऑफ अटॅक ओलांडला की स्टॉल' असं पाढ्यासारखं म्हणून दाखवतो, ही घोकंपट्टी. नाक किती वर आहे किंवा वेग किती आहे यावर स्टॉल अवलंबून नसतो, पंखाला वारा कोणत्या कोनातून भेटतो यावर असतो, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की उमज आली. स्टॉल होताच तो योक (स्टिअरिंगसारखं हाताचं नियंत्रण) पुढे सोडून कोन कमी करतो, तो वापर. आणि उतरताना शेवटचं वळण चुकून रनवेच्या रेषेपलीकडे निघून गेल्यावर 'आता रडरने (शेपटीवरच्या, पायाने चालणाऱ्या नियंत्रणाने) नाक ओढलं तर हा त्या दिवशीच्या क्रॉस कंट्रोल्ड स्टॉलचाच प्रकार होईल' असं त्याला आपणहून सुचून तो गो-अराउंड घेतो, म्हणजे न उतरता पुन्हा वर जातो, तेव्हा सांधा जुळला. ही चौथी पातळी विद्यार्थ्याचा जीव वाचवते, आणि नुसत्या पाठांतराने तिथे पोचता येत नाही.

मराठी विद्यार्थ्यांशी बोलताना मला आणखी एक अडचण दिसली आहे. 'स्टॉल' म्हटलं की आपल्याला गाडीचं इंजिन बंद पडणं आठवतं. विद्यार्थी मान डोलावतो आणि मनात इंजिन बंद पडलेलं असतं. म्हणून स्टॉलचा पाठ मी 'इंजिन चालूच आहे' या वाक्याने सुरू करतो.

शिकण्याचे नियम म्हणून हँडबुकात जे येतात, त्यातला 'प्रायमसी' लिहून भिंतीवर लावा. पहिल्यांदा जे शिकलं ते पक्कं बसतं. पाटीवर पहिल्यांदा चुकीचं वळण गिरवलं तर अक्षर जन्मभर तसंच राहतं, तसंच हे.

तुम्हाला शिकवणार कोण

इन्स्ट्रक्टर होण्यासाठी लागणारं प्रशिक्षण कुठलाही इन्स्ट्रक्टर देऊ शकत नाही. पहिल्यांदाच इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला तयार करणाऱ्याची पात्रता कलम ६१.१९५ मध्ये आहे. नेहमीचा निकष असा, की त्याने किमान २४ महिने सर्टिफिकेट बाळगलेलं असावं आणि विमानावर किमान २०० तास शिकवलेलं असावं. २०२४ च्या शेवटी आलेल्या बदलांनी आणखी काही मार्ग उघडले, उदाहरणार्थ ठरावीक संख्येने विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात पास करून दाखवलेले इन्स्ट्रक्टर. म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "तुम्ही यासाठी पात्र आहात का, आणि कोणत्या उपकलमाखाली?" प्रश्न उद्धट वाटला तरी विचारा. माझ्या ओळखीच्या एकाचं प्रशिक्षण पूर्ण झालं, आणि अर्ज भरताना कळलं की सही करणाऱ्याचे दोनशे तास भरलेच नव्हते. पुढचे दोन महिने दुसरा इन्स्ट्रक्टर शोधण्यात आणि तेच धडे पुन्हा घेण्यात गेले.

या प्रशिक्षणासाठी नियमात तासांचा ठरीव आकडा नाही. ६१.१८७ मध्ये विषय दिले आहेत, आणि त्यांत तुम्ही तयार आहात अशी सही लागते.

टाचण काढा

माझ्या तयारीचा मोठा भाग यात गेला, आणि तुमचाही जावा असं मला वाटतं. बाजारात तयार लेसन प्लॅनचे गठ्ठे मिळतात. संदर्भाला एक घ्या, पण स्वतःची टाचणं स्वतः लिहा. परीक्षक तिसऱ्या प्रश्नात ओळखतो की समोरचा दुसऱ्याचा कागद वाचतोय.

अभ्यासाला पुस्तकं मोजकी आहेत आणि एफएएच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात: पायलट्स हँडबुक, एअरप्लेन फ्लाइंग हँडबुक, वर सांगितलेलं इन्स्ट्रक्टरांचं हँडबुक, आणि एन्डोर्समेंटचे, म्हणजे लॉगबुकातल्या सह्यांचे, नमुने असलेला ॲडव्हायझरी सर्क्युलर ६१-६५. परीक्षेचा नकाशा म्हणजे 'फ्लाइट इन्स्ट्रक्टर एअरप्लेन'चा एसीएस, परीक्षेत काय आणि कोणत्या दर्जाचं तपासायचं हे सांगणारा एफएएचा दस्तऐवज. तो ३१ मे २०२४ पासून लागू आहे आणि त्याने जुना पीटीएस हटवला. इंटरनेटवरच्या जुन्या टिपा त्या पीटीएसवर आधारलेल्या असतात, तेव्हा तारीख बघून वाचा.

एका टाचणात मी काय लिहितो? उद्देश एका वाक्यात. विद्यार्थ्याला आधी काय येतंय. फळ्यावर काढायच्या आकृत्या, दोन किंवा तीन, जास्त नाहीत. जमिनीवर किती मिनिटं आणि हवेत काय, कोणत्या क्रमाने. या पाठात लोक हमखास करतात त्या चुका. शेवटी, विद्यार्थ्याला हे आलं हे मी कशावरून ओळखणार. चुकांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. एसीएसमध्येही नेहमीच्या चुका ओळखून त्या दुरुस्त करता येणं ही इन्स्ट्रक्टरकडून मागितलेली गोष्ट आहे. चूक का होते हे सांगता आलं, तरच ती मोडता येते.

आकडे हाताशी ठेवा. स्टीप टर्नच्या पाठात मी फळ्यावर एकच गणित मांडतो. ६० अंशांच्या बँकमध्ये, म्हणजे पंख तितके कलवून, उंची कायम ठेवली तर लोड फॅक्टर २, म्हणजे पंखांवर वजनाच्या दुप्पट भार, आणि स्टॉलचा वेग २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४१ पटीने वाढतो. सरळ उडताना ५० नॉट्सला स्टॉल होणारं विमान तिथे ७० च्या आसपास होईल. हे गणित विद्यार्थ्याला स्वतः करायला लावलं की पुढच्या दहा वाक्यांची गरज उरत नाही.

मग सराव पाठ घ्या. डी.एड.ची मुलं वर्गमित्रांसमोर घेतात तसे. मी माझ्या बायकोला चॅन्डेल, म्हणजे वर चढत १८० अंश वळणं, शिकवलं, जेवणाच्या टेबलावर, प्लास्टिकचं विमान हातात घेऊन, मराठीत. विमानाशी तिचा काही संबंध नाही. "पण नाक वर करतोस तर उजवा पाय का दाबतोस?" हा तिचा प्रश्न मला दोन दिवस पुरला. डावीकडे ओढणाऱ्या त्या चार कारणांची, टॉर्क, पी-फॅक्टर, फिरता वारा आणि जायरोस्कोपिक परिणाम, खरी उजळणी तेव्हा झाली. मातृभाषेत समजावता आलं की मग इंग्रजीत सांगताना अडखळत नाही, असा माझा अनुभव आहे.

उजवी खुर्ची

उजवीकडून उडवण्याचे इतके तास हवेत असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. पण इन्स्ट्रक्टर सहसा तिथेच बसतो आणि चेकराइडही तिथूनच होते. हात बदलतात: योक उजव्या हातात, थ्रॉटल डाव्या. वेगाचं आणि उंचीचं यंत्र समोर नसून पलीकडे आहे, त्यामुळे तिरकं वाचावं लागतं. क्षितिजावर नाक कुठे दिसतं याचं चित्रही वेगळं. पहिल्या आठवड्यात मी रनवेच्या मधल्या रेषेवर सरळ उतरूच शकत नव्हतो. आठ-दहा तासांत हात बसतो. त्या तासांत गप्प बसून उडवू नका, पहिल्या मिनिटापासून बोला. एसीएसची अपेक्षा अशी आहे की विमान कमर्शियलच्या दर्जाने उडत असतानाच तुमचं समजावणं चालू हवं. दोन्ही कामं एकदम करणं हे सुरुवातीला खरंच अवघड आहे. बोलायला लागलं की उंची जाते, उंची धरली की वाक्य तुटतं.

ताबा देण्याघेण्याची तिहेरी पद्धत इथेच अंगवळणी पाडा. "कंट्रोल्स तुझ्याकडे", "माझ्याकडे आले", "हो, तुझ्याकडे", आणि सोबत डोळ्यांनी खात्री. दोघांनाही दुसरा उडवतोय असं वाटणं यासारखा धोका नाही.

स्पिन

खाजगी आणि कमर्शियल पायलटला विमानावर स्पिन, म्हणजे स्टॉलनंतर गरगर फिरत खाली जाणं, करून दाखवावा लागत नाही, इन्स्ट्रक्टरला त्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. स्टॉलची जाणीव, स्पिनमध्ये शिरणं, स्पिन आणि त्यातून बाहेर येणं हे शिकवण्यास तुम्ही सक्षम आहात, अशी लॉगबुकात सही लागते. ती असली की परीक्षक सहसा स्पिन करायला सांगत नाही. पण स्पिनमधल्या त्रुटीमुळे नापास झालात, तर पुन्हा परीक्षेच्या वेळी करून दाखवावाच लागतो.

विमान स्पिनला मान्यता असलेलंच हवं. सेसना १५२ यासाठी चांगलं. बऱ्याच पायपर विमानांत स्पिनला मनाई असते, आणि १७२ मध्ये वजन आणि तोल युटिलिटी कॅटेगरीच्या मर्यादेत आणावा लागतो, तोही मॉडेल पाहून. फ्लाइट मॅन्युअल आणि डॅशबोर्डवरची पाटी वाचा. पॅराशूटचं काय? नियमाने रेटिंगसाठी लागणारा स्पिन इन्स्ट्रक्टरसोबत करताना ते बंधनकारक नाही.

बाहेर येण्याचा क्रम बहुतेक विमानांत असा: थ्रॉटल पूर्ण मागे, एलरॉन मध्यावर, फिरण्याच्या उलट दिशेचा रडर पूर्ण, मग योक झटक्यात पुढे, फिरणं थांबलं की रडर मध्यावर आणि हळूच नाक वर. तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलच खरं. पहिल्या स्पिनला पृथ्वी समोर गरगर फिरते आणि पोटात गोळा येतो. तीन-चार झाल्यावर मेंदू क्रम मोजू लागतो. ते तीन-चार स्पिन होईपर्यंत सही घेऊ नका, एका स्पिनवर सही करणारे भेटतात तरीही.

चेकराइड

अर्ज आयएक्रावर भरायचा, शिफारस करणाऱ्याने त्यावर सही करायची. परीक्षा एफएएचा इन्स्पेक्टर घेतो किंवा त्यासाठी अधिकार मिळालेला डीपीई. इन्स्पेक्टरची फी नसते, डीपीई आपली फी स्वतः ठरवतो आणि ती मोठी असते. तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा लेखी परीक्षा झाल्याबरोबर विचारणा सुरू करा.

कागद आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी लावा. एफओआयची सही, ६१.१८७ ची सही, स्पिनची सही, लेखी परीक्षेत चुकलेल्या विषयांची उजळणी झाल्याची सही, चाचणीला तयार असल्याची ६१.३९ ची सही. प्रशिक्षण अर्जाच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांच्या आतलं असावं लागतं. विमानाच्या लॉगमध्ये वार्षिक तपासणी, ट्रान्सपॉन्डर (रडारला ओळख देणारं यंत्र), ईएलटी (अपघात झाल्यास संकेत पाठवणारं यंत्र) यांच्या नोंदींना चिठ्ठ्या लावून ठेवा. शंभर तासांची तपासणी कधी लागते हेही नीट समजून घ्या. शिकवणारा पैसे घेऊन विमानही देत असेल तर लागते, विद्यार्थी स्वतःचं विमान आणत असेल तर लागत नाही. हा प्रश्न मलाही विचारला होता.

तोंडी परीक्षा लांबते. माझी सकाळी आठला सुरू झाली आणि उड्डाणाला दुपार उलटून गेली. फिनिक्सच्या उन्हात दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड इतकी चढते, म्हणजे हवा इतकी विरळ होते, की विमान चढायला कुरकुरतं; उन्हाळ्यात शक्य असेल तर तोंडी आणि उड्डाण दोन दिवसांत विभागून मागा. परीक्षक विद्यार्थी होऊन बसतो आणि एखादा मनूव्हर शिकवायला सांगतो. तुम्ही उठून फळ्याकडे जायचं. सगळं तोंडपाठ असावं ही अपेक्षा नाही. उत्तर कोणत्या पुस्तकात आहे हे ठाऊक असणं आणि ते तिथे उघडून दाखवणं चालतं. खोटं आत्मविश्वासाचं उत्तर चालत नाही, कारण तेच उत्तर उद्या तुम्ही विद्यार्थ्याला देणार.

हवेत चॅन्डेल, लेझी एट, पायलॉनभोवतीचे एट, थ्रॉटल मागे घेऊन १८० अंशांचं उतरणं, वेगवेगळे स्टॉल यांतून तो निवडतो. मध्येच मुद्दाम चूक करतो, पाय रडरवरून काढून घेतो, उंची सोडतो. ती चूक तुम्हाला दिसली पाहिजे आणि तुम्ही ती नाव घेऊन सुधारली पाहिजे.

नापास झालात तर ज्या भागांत पास झालात त्यांचं श्रेय ६० दिवस टिकतं, फेरतयारीची सही घेऊन उरलेलं द्यायचं. पहिल्या इन्स्ट्रक्टर परीक्षेत अडखळणारे चांगले पायलट मी पाहिले आहेत. पास झालात की हातात १२० दिवसांचं तात्पुरतं सर्टिफिकेट येतं.

पुढची रेटिंग

या सर्टिफिकेटवर इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी शिकवता येत नाही. त्यासाठी सीएफआयआय, म्हणजे इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग, जोडावं लागतं: ५० प्रश्नांची आणखी एक लेखी आणि चेकराइड. बहुतेक शाळा नोकरी देताना हे मागतात, म्हणून लगेच उरका. मल्टी इंजिन शिकवायचं तर एमईआय, म्हणजे मल्टी इंजिन इन्स्ट्रक्टरचं रेटिंग. त्याला नवी लेखी नाही, पण मल्टी इंजिनमध्ये १५ तास पायलट-इन-कमांड हवेत, आणि त्या विमानाचं तासाचं भाडं सिंगलच्या कितीतरी वर असतं. शिकवताना आणखी एक अट: मल्टी इंजिनच्या ज्या मेक आणि मॉडेलवर शिकवायचं, त्यावर तुमचे किमान पाच तास पायलट-इन-कमांड असावे लागतात.

व्हिसा आणि टीएसए

आपल्या लोकांचे सर्वाधिक प्रश्न इथे येतात. सर्टिफिकेट मिळवण्यावर व्हिसाचं बंधन नाही, पैसे घेऊन शिकवण्यावर आहे. एच-१बी वर असाल तर तुम्ही तुमच्या कंपनीशी बांधलेले आहात, शनिवार-रविवारी फ्लाइंग स्कूलमध्ये पगारी शिकवता येत नाही. ग्रीन कार्ड, किंवा एच-४ वर ईएडी, म्हणजे काम करण्याची परवानगी, असेल तर येतं. एम-१ वर शिकायला आलेल्यांना प्रत्येक चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना, जास्तीत जास्त सहा महिने प्रॅक्टिकल ट्रेनिंग मिळतं. विमानशास्त्राची पदवी घेऊन एफ-१ च्या ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाच्या मुभेवर, शिकवणारे बरेच आहेत. सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, एका चुकीच्या पगाराने पुढची सगळी कागदपत्रं अडकतात.

नागरिक नसलेल्यांना, ग्रीन कार्डवाल्यांनाही, पहिलं पायलट सर्टिफिकेट, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी इंजिनच्या प्रशिक्षणाआधी टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, सुरक्षा तपासणी लागते. ती तुम्ही विद्यार्थी म्हणून पार केली असेल. आता तुम्ही टेबलाच्या पलीकडे आहात: विद्यार्थ्याचं नागरिकत्व पासपोर्ट किंवा जन्मदाखल्यावरून तपासायचं आणि तशी नोंद त्याच्या लॉगबुकात करायची, किंवा कागदांच्या प्रती पाच वर्षं ठेवायच्या. तुमचं स्वतःचं सुरक्षा प्रशिक्षणही दर दोन वर्षांनी.

भारतात परतून शिकवायचा विचार असेल तर एवढं जाणून घ्या की अमेरिकन सर्टिफिकेट तिथे आपोआप चालत नाही. डीजीसीएकडे, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आधी लायसन्स रूपांतरित करावं लागतं, आणि इन्स्ट्रक्टरची रेटिंगही त्यांची वेगळी आहेत: सुरुवात असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टरपासून, मग फ्लाइट इन्स्ट्रक्टर. बारामती, गोंदियाच्या धावपट्ट्यांवर शिकवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी डीजीसीएचे त्या वेळचे नियम वाचूनच तिकीट काढावं.

हातात आल्यावर

१ डिसेंबर २०२४ पासून इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेटवर मुदत संपण्याची तारीख छापत नाहीत. पण दर २४ कॅलेंडर महिन्यांत तुमचा ताजा अनुभव सिद्ध करावा लागतोच. सोपे मार्ग दोन: किमान १६ तासांचा रिफ्रेशर कोर्स, किंवा त्या काळात किमान पाच विद्यार्थी परीक्षेला पाठवून त्यातले ८० टक्के पहिल्या प्रयत्नात पास झालेले. तारीख चुकली तर तीन कॅलेंडर महिन्यांच्या आत कोर्स करून सावरता येतं, मात्र तेवढ्या काळात शिकवता येत नाही. त्यानंतर पुन्हा चेकराइड.

कोणत्याही सलग २४ तासांत आठ तासांपेक्षा जास्त उड्डाण-प्रशिक्षण देता येत नाही. शाळेचं वेळापत्रक ओढतं, विद्यार्थी "आणखी एकच" म्हणतो. मोजणी तुमची तुम्ही ठेवा.

विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने उडायला पाठवण्याची सही करण्याआधी त्याची सोलोपूर्व लेखी चाचणी तपासा, आणि चुकलेली उत्तरं त्याच्यासोबत बसून सोडवा. सहीखाली तारीख, तुमचा सर्टिफिकेट नंबर आणि तुमच्या ताज्या अनुभवाची अंतिम तारीख लिहा. ती सही ९० दिवस चालते. मग तुमच्या वहीत त्याचं नाव, सहीचा प्रकार आणि तारीख नोंदवा. ही नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. माझी ती वही दोनशे पानी आहे, टाचणांच्या वहीशेजारी ठेवलेली. पहिल्या पानावर माझ्या पहिल्या विद्यार्थ्याचं नाव आहे. त्याने त्या सकाळी तीन वेळा विमान उतरवलं. मी टॅक्सीवेच्या कडेला उभा राहून रेडिओवर त्याचा आवाज ऐकत होतो.